गाळाच्या जमिनीत ४०० फूट ट्यूबवेल: स्लॉटेड पाईप किती आणि कुठे टाकायचे?

केळीमळा_यावल यांचा प्रश्न

शेत यावल तालुक्यात, बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्याच्या दक्षिणेला, म्हणजे तापीकडच्या अंगाला. ५ एकर केळी, सगळी ठिबकवर. वीज दिवसाला ८ तास धरून चालतो.

जुनी ट्यूबवेल २८० फूट, ८ इंची लोखंडी केसिंग. स्लॉट, म्हणजे पाणी आत यायच्या चिरा, १५० फुटांपासून खाली. मोटार चालू असताना पाणी आता १७० फुटांपर्यंत उतरतं. दोन हंगाम झाले, रेती येते, इम्पेलर (पंपातले पंखे) घासून जातात, पाणीही कमी झालंय. नवीन ४०० फुटांची करायचा विचार आहे. दोन भाव आलेत.

पहिला डीटीएच (हवेच्या दाबावर हातोडा मारत खोदणारा) गाडीवाला. ६.५ इंची होल, २० फूट केसिंग, एका दिवसात काम, फुटाचा भाव एकदम कमी.

दुसरा रोटरीवाला (बिट फिरवत, चिखल खेळवत खोदणारा). सुरुवातीपासून १६ इंची होल, ८ इंची पाईप. "बेंटोनाइट (पाण्यात फुगणारी पोत्यातली माती) कशाला, पिवळी माती आपोआप चिखल करते" असं म्हणतो. २०० फुटांखाली सगळा स्लॉटेड पाईप, पाईपभोवती भरायला १ ब्रास ग्रॅव्हल (बारीक गोटी), शेवटी २ तास कॉम्प्रेसर.

विचारायचं ते असं:
१) डीटीएच का नको, हे वडिलांना पटेल असं सांगा.
२) रोटरीवाल्याच्या कोटेशनमध्ये काय चुकतंय?
३) पीव्हीसी की लोखंड?
४) जुनी ट्यूबवेल साफ करून चालेल का?

---

मडपंप

आधी डीटीएच. तो हातोडा काळ्या खडकासाठी आहे. बेसाल्टमध्ये भोक पाडलं की भिंत आपली आपण उभी राहते, म्हणून वरच्या मुरुमापुरतं २० फूट केसिंग पुरतं. तुमच्याकडे खडक शेकडो फूट खाली. मध्ये माती, चुनखडीचे खडे, रेती, पुन्हा माती, पुन्हा रेती असे थर. पहिल्या ओल्या रेतीत हवा सोडली की रेती हवेबरोबर वर येते, होल आतून पोकळ होतं आणि वरची माती हातोड्यावर बसते. गाडीवाला एक तर रॉड गमावतो, नाही तर "इथे पाणी नाही" म्हणून निघून जातो. वडिलांना एवढंच विचारा: २० फुटांखाली रेतीला धरून कोण ठेवणार? रोटरीत हे काम चिखल करतो. होल चिखलाने काठोकाठ भरलेलं असतं आणि त्याच्या दाबाने भिंत उभी राहते. म्हणूनच रात्री काम थांबलं तरी होलमधली चिखलाची पातळी उतरू द्यायची नाही. उतरली तर सकाळी रॉड अडकलेला सापडतो.

आता कोटेशन. "पिवळी माती आपोआप चिखल करते" हे अर्धं खरं आहे. करते, पण तो चिखल जड होतो आणि भिंतीवर जाड लेप बसवतो. रेतीच्या थरावर बसलेला हाच लेप नंतर पाणी अडवतो. बेंटोनाइट पाण्याच्या वजनाच्या ५ ते ६ टक्के, म्हणजे घनमीटरला ५०–६० किलो. पाणी जड असेल तर बेंटोनाइट फुगत नाही, फुटलेल्या दुधासारखं दिसतं. अशा वेळी आधी घनमीटरला साधारण १ किलो सोडा ॲश विरघळवायचा, मग बेंटोनाइट. उलट क्रमाने केलं तर पोती वाया.

चिखल मापायला मार्श फनेल ठेवायला सांगा. साधं नरसाळं असतं. ९४६ मिली चिखल खाली यायला किती सेकंद लागतात ते बघायचं. नुसत्या पाण्याला २६ लागतात. रेतीत काम करताना ३५ ते ४० ठीक. ५० च्या वर गेला तर पातळ करा किंवा अर्धा फेकून नवा घ्या. ज्याच्याकडे हे नरसाळं नाही तो अंदाजाने चिखल घट्ट करत जातो, कारण घट्ट चिखलात त्याचं होल ढासळत नाही. तुमचं पाणी बंद होतं, त्याला त्याचं काही नसतं.

खड्ड्याचा हिशेब: १६ इंची, ४०० फूट होलमध्ये साधारण १६ घनमीटर चिखल मावतो. खड्डा निदान दीडपट हवा. ४ × ३ × २ मीटरचा केला तर २४ घनमीटर होतो, त्यात भागतं. आणि त्याच्या आधी रेती बसायला एक छोटा खड्डा. तो नसेल तर तीच रेती पंपातून फिरून पुन्हा होलमध्ये जाते.

सगळ्यात मोठी चूक मात्र सुरुवातीपासूनच १६ इंची होल घेण्यात आहे. १० लिटर/सेकंदाचा मडपंप (चिखल फिरवणारा पंप) असेल तर १६ इंची होलमध्ये चिखल सेकंदाला जेमतेम ८ सेंटिमीटर वर चढतो. २०० फुटांवरच्या थराचा नमुना चिखलाबरोबर वर यायला १२–१३ मिनिटं, तोवर बिट पुढच्या थरात. शिवाय इतक्या हळू वेगात जाडी रेती वर येतच नाही, तळाशी घोळत राहते. वर येते ती बारीक रेती आणि माती. म्हणजे जो थर तुम्हाला हवाय तोच नोंदीत "बारीक रेती" म्हणून लिहिला जातो. आधी ८ इंची पायलट होल, म्हणजे थर बघायचं लहान होल, घ्या. तेवढ्याच पंपावर वेग सेकंदाला ४० सेंटिमीटर होतो आणि २०० फुटांवरचा नमुना अडीच मिनिटांत हातात. दर १० फुटांना बिट खाली सरकवणं थांबवा, चिखल फिरू द्या, वर येणारं बंद झालं की पुढे चला. नंतर रीमरने (होल रुंद करणाऱ्या बिटाने) १६ इंची करा.

---

चाळणी

मडपंप यांच्याशी सहमत. नमुन्यापासून पुढचं मी लिहितो. ट्यूबवेल बिघडते ती याच टप्प्यात, आणि फुटाच्या भावात याचा एक पैसाही धरलेला नसतो.

नमुना बादलीत खळाखळा धुऊ नका. चिखलाबरोबर बारीक रेती वाहून जाते आणि थर आहे त्यापेक्षा जाड्या रेतीचा दिसतो. घमेल्यात घ्या, पाणी हळू सोडा, गढूळ तेवढं ओतून टाका, दोन-तीनदा. मग प्लास्टिकच्या पिशवीत भरून वर फूट लिहा. तळहातावर चोळून बघितलं तरी बरंच कळतं: करकरली आणि हात स्वच्छ राहिला तर रेती चांगली. बोटांच्या रेषांत पिवळं बसलं तर मातीमिश्रित, तिथे पाईप वाया.

पायलट होल झालं की रीमर लावण्याआधी इलेक्ट्रिक लॉगिंग (होलमध्ये उपकरण सोडून थरांची विजेने नोंद) करून घ्या. दोन-तीन तासांचं काम. रेझिस्टिव्हिटीची (थर विजेला किती अडवतो त्याची) रेघ जिथे उजवीकडे फुगते तिथे गोड्या पाण्याची रेती, जिथे डावीकडे चिकटून राहते तिथे माती. तुमच्या पिशव्या आणि ही रेघ शेजारी ठेवा. दोन्ही जुळतील तिथेच स्लॉट.

आता "२०० फुटांखाली सगळा स्लॉटेड". तुमची गरज मोजू. ५ × ५ फुटांवर एकरी सुमारे १,७४० झाडं, ५ एकरांत ८,७००. ऐन उन्हाळ्यात झाडाला २० लिटर धरले तर दिवसाला १,७४,००० लिटर. ८ तासांत ते काढायचं तर सेकंदाला ६ लिटर. पाणी स्लॉटमधून सेकंदाला ३ सेंटिमीटरपेक्षा जोरात आत येऊ नये, नाही तर रेती ओढली जाते आणि क्षार बसतात. म्हणजे ०.२ चौरस मीटर उघडी जागा हवी. ८ इंची पाईपचा बाहेरचा पृष्ठभाग मीटरला सुमारे ०.६९ चौरस मीटर. स्लॉट १० टक्के धरले, त्यातले निम्मे ग्रॅव्हलच्या दाण्यांनी झाकले जातात असं मानलं, तर मीटरमागे ०.०३४. म्हणजे ६ मीटर स्लॉटेड पाईप पुरतो! पाईपचं वय धरून आणि उपशात पातळी कमी उतरावी म्हणून १२ ते १८ मीटर घ्या, तेही उत्तम रेतीसमोर. २०० फूट म्हणजे ६० मीटर स्लॉट टाकले तर त्यातले बरेच मातीसमोर येतील. माती ग्रॅव्हलमधून झिरपून आयुष्यभर पाणी गढूळ करेल.

ग्रॅव्हल आणि स्लॉट हे एकमेकांवरून ठरतात. थराची रेती चाळून बघा: ज्या चाळणीवर ७० टक्के रेती अडते त्या मापाच्या ४ ते ६ पट ग्रॅव्हल. समजा ते माप ०.४ मिमी आलं, तर ग्रॅव्हल १.५ ते ३ मिमीची, एकसारख्या दाण्याची. स्लॉट असा की ग्रॅव्हलची ९० टक्के अडेल, इथे १.५ मिमी. बाजारात १/१६ इंची म्हणून जो मिळतो तो १.६ मिमी, तोही चालेल. शेतावर गॅसकटरने पाडलेल्या चिरा नकोत. त्या ३–४ मिमी रुंद, कडा वितळलेल्या, आणि गंज तिथूनच सुरू होतो. तुमच्या जुन्या ट्यूबवेलचा पाईप तसाच आहे का ते बघा.

ग्रॅव्हल म्हणजे नदीची गोल, गारेची. क्रशरची खडी नको: ती कोनाची, एकमेकांत अडकून मध्ये पोकळी ठेवते. चुनखडीचे खडे मिसळलेली तर अजिबात नको.

१ ब्रासने काय होणार? १६ इंची होल आणि ८ इंची पाईप यांच्यामधली जागा मीटरला ०.०९२ घनमीटर. तळापासून ४० मीटर खोलीपर्यंत भरायची तर साधारण ८० मीटर, म्हणजे ७.४ घनमीटर. ब्रास २.८३ घनमीटरचा, म्हणजे २.६ ब्रास. होल कुठे ना कुठे फुगलेलं असतंच, म्हणून ३ ब्रासच्या वर मागवा. १ ब्रासमध्ये जिथे ग्रॅव्हल संपेल तिथून वर तुमच्या पाईपला रेतीच लागलेली असेल.

---

केळीमळा_यावल

हिशेब बघून डोळे उघडले. ग्रॅव्हल ओततात कशी? इथे बघितलं ते ट्रॅक्टरची ट्रॉली लावून फावड्याने भराभर लोटतात.

---

मडपंप

तिथेच घोटाळा होतो. भराभर लोटलेली ग्रॅव्हल ५०–६० फुटांवर अडकून पूल करते. वरून होल भरलेलं दिसतं, खाली स्लॉटसमोर काही नाही. मोटार लावल्यावर पूल तुटतो, ग्रॅव्हल एकदम खाली बसते, पाईप वाकतो किंवा सांधा निघतो.

क्रम असा ठेवा. पाईपच्या तळाला बूड झाकण आणि त्याच्या वर ६–१० फूट साधा पाईप, खाली पडणाऱ्या रेतीसाठी. दर ४०–५० फुटांना पाईपच्या चारी बाजूंनी गाईड पट्ट्या, म्हणजे पाईप मधोमध राहील. गाईड नसला की पाईप एका भिंतीला टेकतो आणि त्या बाजूला ग्रॅव्हल शून्य. सगळा पाईप लोंबता ठेवा, तळाला टेकवू नका. टेकवला की वजनाने वाकतो. मग पाईपच्या आतून पाणी सोडून चिखल पातळ करा, फनेलवर ३० सेकंदांच्या आत आणा. पाणी वर येत असतानाच ग्रॅव्हल फावड्याने हळूहळू, चारी बाजूंनी फिरत. वजन बांधलेली सुतळी दर अर्ध्या तासाने सोडून कुठवर भरली ते मोजा आणि ओतलेल्या घमेल्यांशी ताळा घ्या. कमी ग्रॅव्हलमध्ये जास्त फूट भरले तर समजा पूल झाला. थांबा, पाणी वाढवा, पाईप हलकेच हलवा. आणि कामाच्या आदल्या दिवशी सगळा माल हजर ठेवा. पाईप उतरल्यावर ग्रॅव्हलची वाट बघत रात्र गेली की होल बसतं.

ग्रॅव्हल सर्वांत वरच्या स्लॉटच्या किमान २५–३० फूट वर. डेव्हलपिंगमध्ये (हवेने उपसून स्लॉटभोवतीचा चिखल आणि बारीक रेती काढताना) ती खाली बसते, तेव्हा वरून पुन्हा भरायची. वरचे शेवटचे १५–२० फूट सिमेंट किंवा घट्ट चिकणमातीने बंद, म्हणजे शेतातलं खत-औषध पाईपच्या कडेने खाली जाणार नाही.

---

पूर्णाकाठ

मी बुलढाणा-अकोल्याच्या बाजूचं एक जोडतो, कारण हे वाचून आमच्याकडचे लोक तसंच करतील. पूर्णेच्या खोऱ्यातही गाळच आहे, पण खारपाणपट्ट्यात रेतीचा थर लागला म्हणजे पाणी गोड असं नाही. तिथे रेझिस्टिव्हिटीची रेघ रेतीसमोरही डावीकडेच राहते, आणि नुसत्या रेघेवरून खारी रेती आणि माती वेगळी ओळखू येत नाही. पिशवीतला नमुना म्हणूनच लागतो: पिशवीत रेती, रेघ डावीकडे, तर पाणी खारं.

गोड थराच्या वर किंवा खाली खारा थर असेल तर नुसतं तिथे साधा पाईप टाकून भागत नाही. ग्रॅव्हल होलभर सलग असते, खारं पाणी तिच्यातूनच उतरतं. मधल्या मातीच्या थरासमोर ग्रॅव्हल थांबवून १०–१५ फूट बेंटोनाइटच्या गोळ्या किंवा सिमेंट भरावं लागतं, मग पुढे. यात ५ फुटांची चूक झाली तर सगळं काम फुकट, म्हणून सुतळीवर गाठी मारून मोजा.

---

चाळणी

पूर्णाकाठ यांचा मुद्दा चोख.

तसंच उलट्या टोकाला, सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी शेत असणाऱ्यांनी वरचं सगळं जसंच्या तसं घेऊ नये. तिथे बझाडा आहे: डोंगरातून आलेले गोटे, दगड, रेती, एकावर एक. रोटरीचा चिखल गोट्यांतून निघून जातो, खड्डा बघता बघता रिकामा. तिथे पर्कशन गाडी (जड बिट आपटून खोदणारी) किंवा बिटाबरोबर केसिंग उतरवणारी पद्धत लागते.

आता प्रश्न ३. पीव्हीसी घ्यायचा तर आयएस १२८१८ या भारतीय मानकाचा, केसिंगसाठीचा, पाणीपुरवठ्याचा निळा-करडा पाईप नव्हे. त्यात सीएस प्रकार ८० मीटरपर्यंत, सीएम २५० मीटरपर्यंत. तुमच्या १२२ मीटरला सीएम. गंजत नाही, स्लॉट मापात येतात, हे फायदे. तोटा एकच: बाहेर जड चिखल आणि आत रिकामं असं झालं तर चपटा होतो. म्हणून उतरवताना आत पाणी भरत जायचं आणि सुरुवातीलाच कॉम्प्रेसरने आतलं पाणी एकदम उपसायचं नाही. माझं मत, ठेकेदार हे पाळणारा असेल तर पीव्हीसी, नसेल तर लोखंड.

---

मडपंप

इथे मी वेगळा. मोटार बसते तो वरचा भाग लोखंडीच असावा. पंप काढता-घालताना साखळी निसटते, कॉलम पाईप (मोटारीपासून पाणी वर आणणारा) आदळतो, आणि पीव्हीसीला तडा गेला की तिथून माती आत. खाली स्लॉटेड भाग पीव्हीसी ठेवा हवं तर, पण मग मधला सांधा कारखान्यातून करून आणा, शेतावर वेल्डिंगच्या झळीत पीव्हीसी नको.

आणि २ तास कॉम्प्रेसर हा विनोद आहे. पाणी स्वच्छ दिसलं म्हणजे झालं असं नसतं. एका दिशेने उपसलं की रेती स्लॉटसमोर कमान करून थांबते. उपसा थांबवला, पाणी परत आत पडू दिलं, की कमान मोडते आणि पुन्हा गढूळ येतं. म्हणून १० मिनिटं हवा, ५ मिनिटं बंद, पुन्हा हवा, असं प्रत्येक १० फूट स्लॉटसमोर हवेचा पाईप सरकवत. दर वेळी थांबवून सुरू केल्यावर पहिल्या मिनिटात गढूळ येणं बंद झालं की पुढच्या १० फुटांवर. दीड-दोन दिवस धरा. चिखलाचा लेप सुटत नसेल तर सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट घालून रात्रभर ठेवा, सकाळी पुन्हा. शेवटी पंप लावून २० मिनिटांनंतर १,००० लिटर पाण्यात २० मिलीपेक्षा जास्त रेती येऊ नये. टाकीत सोडा, तळाची रेती गोळा करून औषधाच्या बाटलीच्या झाकणाने मोजा.

---

केळीमळा_यावल

जुन्या ट्यूबवेलचं राहिलं. आणि ठेकेदाराशी हे सगळं कसं लिहून घ्यायचं?

---

चाळणी

जुनीचं निदान तुमच्या आकड्यांतच आहे. पहिला स्लॉट १५० फुटांवर, चालू पातळी १७०. म्हणजे वरचे २० फूट स्लॉट उघडे पडलेत. तिथून पाणी आतल्या पाण्यावर पडतं, हवा मिसळते, पंप आवाज करतो आणि हवा लागून स्लॉटवर चुन्याचा-लोहाचा थर साचतो. थर साचला की उरलेल्या स्लॉटमधून पाणी जोरात येतं आणि रेती ओढतं. कॉम्प्रेसर आणि आम्लाने धुतलं तर काही महिने बरं वाटेल, पातळी पुन्हा खाली गेली की तेच. लोखंडाच्या चिरा गंजून मोठ्या झाल्या असतील तर धुण्याने उलट रेती वाढेल. खर्च नवीवर करा. नवीत पहिला स्लॉट आजच्या चालू पातळीच्या निदान ८०–१०० फूट खाली, आणि मोटार स्लॉटच्या वरच्या साध्या पाईपमध्ये, स्लॉटसमोर कधीच नाही.

पण त्याआधी: रावेर-यावल तालुक्यांची भूजलाच्या बाबतीत अतिशोषित (भरतं त्यापेक्षा उपसा जास्त) म्हणून नोंद झालेली आहे, आणि महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल अधिनियमात ६० मीटरपेक्षा खोल विहिरीवर बंधन आहे. ४०० फूट म्हणजे १२२ मीटर. गाडी बोलवण्याआधी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात जा, काय परवानगी लागते ते लेखी घ्या. परवानगी नाही मिळाली तर वरचं सगळं ६० मीटरच्या आत बसवता येतं का, हा वेगळा प्रश्न. चालू पातळी १७० फूट म्हणजे ५२ मीटर, तेव्हा जागा फार उरत नाही.

---

मडपंप

लिहून घेताना फुटाचा एक भाव नको. पाच ओळी वेगळ्या करा: पायलट होल नमुन्यांसह आणि लॉगिंग, रीमर, पाईप उतरवणं, ग्रॅव्हल ब्रासप्रमाणे, प्रत्यक्ष गेली तेवढी, डेव्हलपिंग तासाप्रमाणे, रेतीचं माप येईपर्यंत. शेवटचे २५ टक्के पैसे ते माप आल्यावर. लॉगिंगनंतर ४०० फूट गरजेचं नाही असं दिसलं तर तिथेच थांबायचा हक्क तुमचा, हेही लिहा. फुटाच्या भावात कोणीच आपण होऊन थांबत नाही. होल ३० मीटरला १० सेंटिमीटरपेक्षा जास्त तिरकं नको, ही ओळ टाका.

मोटार आधी घेऊन ठेवू नका. २४ तास उपसा करून पातळी मोजा, मग एचपी ठरवा.

जुनी बंद करताना मोटार आणि कॉलम काढून स्लॉटच्या भागात धुतलेली रेती, त्यावर चिकणमाती तळापासून वरपर्यंत, आणि माथ्यावर काँक्रीट. नुसतं पोतं कोंबून ठेवू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या निर्देशांप्रमाणे सोडून दिलेली बोअर तळापासून भरणं बंधनकारक आहे, आणि नव्या ट्यूबवेलभोवती ०.५ × ०.५ × ०.६ मीटरचा काँक्रीटचा ओटा, त्यातला ०.३ जमिनीवर आणि ०.३ खाली. झाकण नटबोल्टचं किंवा वेल्डिंगचं, दगड ठेवून भागणार नाही.